दार न वाजवता येणारे आईवडील

खोक्यात चोवीस कार्डं होती. गुलाबी, गुळगुळीत, लॅमिनेट केलेली. प्रत्येक कार्डाच्या पुढच्या बाजूला एक दुःख आणि मागच्या बाजूला त्यावरचे तीन सल्ले. सगळं इंग्रजीत. माझ्या चेहऱ्यावर पिंपल्स आहेत. मित्र मला पार्टीला बोलवत नाहीत. मी दिवसभर फोनवर असतो. माझे आईवडील घटस्फोट घेत आहेत. आणि सगळ्यात वर, मला चिडवायलाच ठेवल्यासारखं: माझे आईवडील दार न वाजवता माझ्या खोलीत येतात.

हे कार्ड भोसरीत. एमआयडीसीच्या मागच्या गल्ल्यांत, जिथं एका खोलीत पाच-सहा माणसं राहतात आणि दार दिवसभर उघडंच असतं, कारण ते लावलं तर आत हवा कुठून येणार! 'माझी खोली' म्हणे. खोकं ज्यानं पाठवलं त्याला एकदा धरून आणावं, त्या दहा बाय बाराच्या खोलीच्या मधोमध उभं करावं आणि विचारावं, सांगा, यातली 'माझी' कुठून कुठपर्यंत?

मी तिथं इंग्रजी शिकवायला कशी गेले ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी मला दयाळू वगैरे समजायला नको. मी ठेकेदारीतल्या कामगारांच्या संघटनेत काम करते. काम म्हणजे मुख्यतः पत्रकं लिहिणं आणि शिफ्ट सुटताना गेटवर उभं राहून ती वाटणं. आमच्या बैठकांना जागा नव्हती. एका कंपनीच्या समाजकार्य विभागाचं सभागृह रिकामं पडलेलं होतं. त्यांची अट अशी, की आमच्यापैकी कुणीतरी शनिवार-रविवार त्यांचा स्पोकन इंग्लिशचा वर्ग घ्यायचा. संघटनेत इंग्रजी माध्यमात शिकलेली मी एकटीच, सांगवीच्या नोकरदार घरातली. म्हणजे गुन्हेगार आयतीच सापडलेली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गेले.

वर्गात सोळा मुलं-मुली. सगळी मराठी शाळेतली, बहुतेकांची दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, मला मॅडम म्हणायचं नाही, ताई म्हणा. सगळ्यांनी एका सुरात "यस, टीचर" म्हटलं. ते शेवटपर्यंत टीचरच राहिलं.

वर्गाचे को-ऑर्डिनेटर म्हणून एक सर होते. मे महिन्यात टाय लावणारा माणूस. पद्धत त्यांनी समजावून सांगितली. मुलानं खोक्यातून कार्ड उचलायचं, त्यावरचं दुःख आपलंच आहे असं समजून दोन मिनिटं इंग्रजीत सांगायचं आणि शेवटी सल्ला द्यायचा. 'आय शुड टॉक टु माय पेरेंट्स.' प्रत्येक कार्डाच्या मागे पहिला सल्ला हाच होता. पिंपल्स आले, आईवडिलांशी बोला. पार्टीला बोलावलं नाही, आईवडिलांशी बोला. आईवडील घटस्फोट घेतायत, त्यांच्याशीच बोला.

"सर, या मुलांचे प्रश्न हे नाहीत," मी म्हटलं.

"मॅडम, टीनएजर सगळीकडे सेम असतो," सर म्हणाले. "आपण त्याला फक्त व्होकॅब्युलरी द्यायची."

मी घरी येऊन दोन तास नुसती चडफडत होते. शब्द द्यायचे म्हणे. ज्याला स्वतःच्या दुःखाबद्दल मराठीत कुणी कधी विचारलं नाही, त्याला दुसऱ्याच्या दुःखाची इंग्रजी यादी पाठ करायला द्यायची, आणि वर त्याला विकास म्हणायचं!

मुलांना मात्र त्या कार्डांची मजा वाटायची. हे मला तेव्हा फार खटकायचं. वर्ग सुरू होण्याआधी पायऱ्यांवर त्यांचा बाजारच भरायचा.

"तुला काय झालंय आज?"

"मला पिंपल. तुला रे?"

"माझे आईबाप घटस्फोट घेतायत."

"भारी ना राव! मागच्या शनिवारी माझे घेत होते. सोपंय ते, दोनच वाक्यं अवघड आहेत."

"देतो का मग? मी पार्टी देतो बदल्यात."

"नको भावा, पार्टीत स्पेलिंग लई आहेत."

मी मधे पडायचे. अरे, तुमचं स्वतःचं काही नाही का सांगण्यासारखं? एक मुलगा एकदा म्हणाला, "आहे की टीचर, पण त्याला मार्क कुठंयत?" आणि सगळा वर्ग हसला. मीही हसायला हवं होतं. मी त्याऐवजी पंधरा मिनिटं भाषण दिलं.

मार्कांचं म्हणणं खरं होतं. त्या दोन मिनिटांवर बरंच काही टांगलेलं होतं. उन्हाळ्याच्या शेवटी कंपनीचे तीन पाहुणे येणार, प्रत्येकाचं बोलणं ऐकणार आणि पाच जणांना निवडणार होते. निवडलेल्यांना चाकणच्या बाजूच्या एका कॉलेजात डिप्लोमाला प्रवेश आणि तिथंच वसतिगृहात राहायची सोय. तीन वर्षं. पाचच जागा, आणि मुलांची लायकी मोजायची ती दुसऱ्याच्या पिंपल्सवर ती किती छान बोलतात यावरून. यांत्रिकी शिकायला जाणाऱ्या पोराला तुम्ही गणित विचारत नाही, त्याला पार्टीला का बोलावलं नाही ते विचारता?

वर्गात एक मुलगी होती. सोळा वर्षांची, किरकोळ, दोन वेण्या, कायम दुसऱ्या रांगेत. वहीत लिहायला सांगितलं की तिच्यासारखं कुणी लिहायचं नाही. वाक्यं नीट, क्रियापदं जागेवर. उभं राहून बोलायला सांगितलं की संपलं. ओठ हलताना दिसायचे, आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचायचा नाही. बाकीची पोरं कानामागे हात धरून "व्हॉट? व्हॉट?" करायची.

"मोठ्यानं," मी म्हणायचे.

ती पुन्हा सांगायची. तेवढ्याच आवाजात.

"अगं, मोठ्यानं! पोट आत घे आणि बोल."

तीन आठवडे हे चाललं. चौथ्या आठवड्यात माझ्यातली पत्रकवाली जागी झाली. मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि व्याख्यान झोडलं. बाईचा आवाज कसा दाबला जातो, पिढ्यान्‌पिढ्या दाबलेला आवाज पोरीच्या गळ्यात कसा उतरतो, आणि तो तिनं स्वतःच कसा मोकळा करायला हवा. बोलता बोलता मीच भारावून गेले. ती खाली मान घालून ऐकत होती. शेवटी मी विचारलं, "कळलं ना?" तिनं मान हलवली. मी म्हटलं, "मग मोठ्यानं सांग, यस." तिचे ओठ हलले.

त्या दिवशी टायवाले सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हिचं नाव काढून टाकू या का? पाहुण्यांना काही ऐकूच नाही आलं तर आपली इमेज जाते."

मी त्यांच्यावर खेकसले. नाव राहिलं. पण त्या पोरीला या जागेची किती गरज होती हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. ते कळलं तिच्या मैत्रिणीकडून, वर्ग सुटल्यावर चपला घालताना.

"टीचर, तुम्ही तिला मोठ्यानं बोल म्हणून नका रागवू. तिच्या घरात बोलतच नाहीत."

"बोलत नाहीत म्हणजे? भांडण आहे?"

"भांडण कशाला! झोपलेले असतात. तिचे पप्पा रात्रपाळीला. सकाळी येतात आणि तीन-चारपर्यंत झोपतात. तिचा मामा पण तिथंच राहतो, तो सेकंड शिफ्टला. तो उशिरा येतो, मग सकाळभर तोही झोपलेला. एकच खोली. मग ही न् हिची आई खुणांनीच बोलतात. तिची आई डाळ कुकरला लावत नाही माहितीये? पातेल्यातच शिजवते. शिट्टी झाली तर उठतील म्हणून."

आणि मग सहज, चपलेचा पट्टा ओढता ओढता, "ह्यात नंबर नाही लागला तर तिला गावाला पाठवणारेत. मोठ्या चुलत्याकडे. आता मोठी झाली ना, खोलीत जागा होत नाही."

गावाला पाठवणं म्हणजे काय ते आमच्या भागात कुणालाही फोड करून सांगावं लागत नाही. गावाला गेलेली मुलगी अकरावीत जाते, बारावीपर्यंत कशीबशी पोचते आणि मग तिची पत्रिका येते. गुणांची नव्हे, लग्नाची.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली असेल थोडी. पण त्याहून जास्त काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते: मला विषय सापडला. त्याच रात्री मी बसून पत्रक लिहिलं. 'आमच्या मुलींचा आवाज कोणी खाल्ला?' असा मथळा. रात्रपाळी, ठेकेदारी, दहा बाय बाराची खोली, दिवसा कुजबुजणारी घरं. आणि मधोमध चौकटीत, ठळक टायपात: 'या वस्तीत एक घर असं आहे, जिथं कुकरची शिट्टी होत नाही.' मला ते वाक्य फार आवडलं होतं. नाव कुठंही घातलं नव्हतं. आम्ही नाव घालत नाही, त्याचा आम्हांला अभिमान असतो. (हे आता लिहिते आहे ते तिला आणि तिच्या वडिलांना विचारून. तेव्हा विचारलं नव्हतं.)

पत्रक सोमवारी गेटांवर वाटलं. हातोहात गेलं. मी खूश.

शनिवारी ती वर्गाला आली नाही. रविवारीही नाही. मैत्रिणीला विचारलं तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "टीचर, आमच्या गल्लीत कुकर न लावणारं घर एकच आहे."

पाहुणे यायला तेरा दिवस उरले होते.

सोमवारी दुपारी मी तिचं घर शोधत गेले. पत्र्याच्या शेडांच्या मागे दुमजली इमारत, एका ओळीत आठ खोल्या, बाहेर एकच नळ. बारा वाजलेले. आठातल्या तीन खोल्यांच्या खिडक्यांना आतून पुठ्ठे लावलेले, उजेड येऊ नये म्हणून. अख्ख्या गॅलरीत शुकशुकाट. या बाजूनं मी पत्रकं टाकत कितीदा गेले असेन, हे पुठ्ठे मला कधी दिसले नव्हते.

ती दारातच बसून तांदूळ निवडत होती. मला पाहून उठली, बोट ओठावर ठेवलं आणि नुसते ओठ हलवले.

"टीचर, हळू."

"तू येत का नाहीस?" मी हळू म्हटलं. म्हणजे मला वाटलं हळू. सभांची सवय झालेली माणसं हळू बोलू शकत नाहीत, हे मला त्या क्षणी कळलं, कारण आतल्या अंधारात एक पांघरूण हललं.

"कोन हाय गं?"

झालं. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. राग नव्हता त्यात. चार महिन्यांच्या तान्ह्या पोराला झोपवणारी बाई दारात भोंगा वाजवणाऱ्याकडे जसं पाहील, तसं.

तिचे वडील उठून बसले. डोळे लाल, अंगात बनियन. त्यांच्या पलीकडे आणखी एक पांघरूण होतं, मामाचं, ते हललं नाही. आई स्टोव्हपाशी डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली.

"तुमीच का त्या, पत्रकवाल्या?" त्यांनी विचारलं. बीडकडची बोली.

मी हो म्हटलं.

"आमच्या सुपरवायझरनं कॅन्टीनात मोठ्यानं वाचलं. समदे हसायलेत. का भाऊ, कुकरची शिट्टी काढून इकली म्हणं! पोरीचा आवाज खाल्लास म्हणं तू! चार दिवस हेच चाललंय."

"काका, ते तुमच्या विरुद्ध नव्हतं. ते कंपनीच्या..."

"आसंल. पर नाव कंपनीचं न्हवतं बाई त्यात. कुकर मातर आमचा होता."

दहा वर्षं वादविवादाची बक्षिसं मिळवलेली मी, त्या दारात चप्पल घालून नुसती उभी.

ते म्हणाले, "मी पावर प्रेसवर हाय. रातभर पत्रा सरकवायचा आन पाय मारायचा. झोप न्हाई झाली तर बोट जातंय. आमच्यात दोघांची गेलीत. ही पोरगी पाचवीत होती तवा एकदा मी झोपेतनं दचकून उठलो, हिनं ताट पाडलं म्हणून. तवापासनं ही आशीच बोलती. मी सांगितलं न्हवतं तिला. तिचं तिनंच ठरवलं."

मुलगी तांदळाच्या ताटाकडे बघत होती.

मग मी आणखी एक मूर्खपणा केला. मला वाटलं, भरपाई करावी. मी म्हटलं, "तू ये परीक्षेला. आणि हेच सांग. कार्ड फेकून दे. हे जे आहे ना, हे सांग त्या तिघांना इंग्रजीत. हादरतील."

"नाही," ती म्हणाली. त्या सबंध उन्हाळ्यात तिचा मला नीट ऐकू आलेला हा पहिलाच शब्द.

"का पण? ती कार्डं खोटी आहेत!"

"म्हणूनच. ती कुणाचीच नाहीत, टीचर. ती बोलली तरी कुणाचं काही जात नाही. घरातलं मी कुणाला नाही सांगणार. मला फक्त नंबर लावायचाय."

एवढं सगळं ती कुजबुजत बोलली आणि मला शब्दन्‌शब्द ऐकू आला. सोळा वर्षांच्या पोरीला जे समजत होतं ते मला समजायला अख्खं पत्रक वाया घालवावं लागलं. मी ज्या कार्डांना महिनाभर शिव्या घातल्या, त्यांच्या आड ती पोरं आरामात उभी होती. आपल्या घराच्या चार भिंती कुणा परक्यासमोर न उघडता इंग्रजी शिकत होती. म्हणून पायऱ्यांवर एवढं हसू होतं. याचा अर्थ ती कार्डं चांगली होती असा नाही. कार्डं भिकारच होती. पण माझं पत्रक त्यांच्याहून भिकार होतं, कारण ते खरं होतं आणि मी ते न विचारता उचललं होतं.

"आवाजाचं काय पण?" मी विचारलं. "ऐकू नाही आलं तर नंबर कसा लागणार?"

यावर वडीलच बोलले. आडवे होता होता. "आमच्या प्रेस शॉपच्या मागं जावा. कंपौंडाला लागून. दिवसपाळी चालू आसती. तिथं बोंबललं तरी कुणाला ऐकू जात न्हाई. आन आता जावा, मला झोपू द्या."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रोज पाच वाजता तिथं जायला लागलो. प्रेस शॉपची, म्हणजे प्रेस असलेल्या शेडची, मागची भिंत, तिला लागून एक बाभूळ, पलीकडे चहाची गाडी. आत चार प्रेस. ठाक्‌. मग दोन-तीन सेकंद, माणूस पत्रा सरकवतो तेवढे. पुन्हा ठाक्‌. जमीन पायाखाली हलायची. पहिल्या दिवशी ती कार्ड हातात धरून बोलली आणि तिला स्वतःलाच स्वतःचं ऐकू येईना. ती थांबली. पुन्हा बोलली. मग चेहरा लाल करून, मान ताणून, ती पहिल्यांदा ओरडली:

"माय फ्रेंड्स!"

ठाक्‌.

"डू नॉट इन्व्हाइट मी!"

ठाक्‌.

"टु पार्टीज!"

चहावाला मान बाहेर काढून म्हणाला, "ओ ताई, भांडण करायलात का काय? पोरगी काय म्हणतीय?"

"हिला पार्टीला बोलवत नाहीत," मी ओरडून सांगितलं.

"मग नका जाऊ की! चहा घ्या."

ती हसली. तोंडावर हात ठेवून, आवाज न करता. मग हात काढला.

अकरा दिवसांत ती सगळी चोवीस दुःखं तिथं ओरडून झाली. प्रेसशी तिचं आपोआप जमलं. ठोका पडायच्या आधी वाक्याचा तुकडा संपवायचा, ठोका पडू द्यायचा, मग पुढचा तुकडा. मी तिला उच्चार सांगायचे आणि ती माझ्यावर ओरडायची. घरी गेली की पुन्हा कुजबुज.

पाहुणे आले. तीन. दोन साहेब आणि एक बाई, तिघांच्याही गळ्यात ओळखपत्रं, जणू वाट चुकली तर कुणीतरी परत नेऊन सोडावं. त्यांचं स्वागत झालं, त्यांना रोपटी दिली गेली, रोपट्यांबरोबर त्यांचे फोटो निघाले. टायवाल्या सरांनी नवा टाय लावला होता. पालकांना मागच्या खुर्च्या दिल्या होत्या. तिचे वडील शिफ्टवरून थेट आले होते, निळ्या कपड्यांत, बाहीला तेल. सकाळचे साडेदहा. एरवी ते यावेळी त्या पुठ्ठ्यामागे असायचे. ते खुर्चीत ताठ बसून होते आणि झोप येऊ नये म्हणून अधूनमधून स्वतःच्या मांडीला चिमटा काढत होते.

एकेक पोर उठून कार्ड काढत होतं. घटस्फोट झाले, फोनचं व्यसन झालं. पार्टीवाल्या पोराला पार्टीच आली, त्यानं मागं वळून दोस्तांना डोळा मारला. साहेब लोक मान हलवत होते. फोनच्या व्यसनावर ज्या मुलानं भाषण केलं त्याच्या घरात फोन एकच होता आणि तो त्याच्या वडिलांबरोबर कंपनीत जायचा. बाई त्याला म्हणाल्या, "व्हेरी ऑनेस्ट." मी ओठ चावून गप्प बसले. आयुष्यात इतकी गप्प मी कधी बसले नव्हते.

तिनं खोक्यात हात घातला. कार्ड काढलं, पाहिलं आणि माझ्याकडे एकदा बघितलं. मला दुरूनच कळलं कोणतं ते. दार न वाजवता येणारे आईवडील.

"माय पेरेंट्स," ती म्हणाली. सभागृहात घुमलं. टायवाले सर दचकले. मग ती थांबली. पूर्ण दोन सेकंद. कुठलाही ठोका पडला नाही, पण तिनं तो पडू दिला.

"कम इन्टू माय रूम."

थांबली.

"विदाउट नॉकिंग!"

ती तुकड्यातुकड्यानं बोलत गेली. मला राग येतो. मला वाईट वाटतं. मला एकटीला थोडा वेळ हवा असतो. मी त्यांच्याशी बोलायला हवं. दर तुकड्यानंतर ती तशीच थांबायची, हनुवटी वर, आणि माझ्या पायाखालची फरशी मला हलल्यासारखी वाटायची. मागच्या खुर्चीत तिचे वडील त्याच तालात पाय आपटत होते. त्यांना शब्द कळत नव्हते, थांबणं कळत होतं.

बोलणं संपल्यावर मधले साहेब पुढं झुकले. "एक्सलंट पॉझेस! असा पॉज घ्यायला आम्ही आमच्या मॅनेजरांना ट्रेनिंग देतो. तू कुठं शिकलीस?"

"बिहाइंड द प्रेस शॉप, सर," ती म्हणाली. खणखणीत.

तिघे मोठ्यानं हसले. त्यांना तो विनोद वाटला. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं, 'सेन्स ऑफ ह्यूमर' लिहिलं असणार. यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक खरं उत्तर ऐकलं आणि त्याला हसले. पण हसता हसता त्यांनी तिचं नाव पाचांत घातलं. चौथं. मला त्या लोकांबद्दल आदर वाटला असं मी म्हणणार नाही. अजून वाटत नाही. पण यादी वाचली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या मात्र मनापासूनच्या होत्या.

पायऱ्यांवर तिचे वडील भेटले. डोळे मिटत होते त्यांचे. ते लेकीला विचारत होते, "झालं ते बरं झालं. पर तू बोललीस काय एवढं? चांगलं वाटलं ऐकायला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच, घरातल्या आवाजात, "कार्डावरचं होतं पप्पा. की आईवडील दार न वाजवता आत येतात. त्यांनी वाजवून यावं."

"आसं," ते म्हणाले. आणि चालायला लागले.

पुढचं तिनं मला वसतिगृहात जायच्या आदल्या शनिवारी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, शिफ्टवरून येताना, वडील आपल्या खोलीसमोर येऊन थांबले. दार सताड उघडं. आई स्टोव्हपाशी, ही केस विंचरत, मामा पांघरुणात. त्यांनी उघड्या दाराच्या फळीवर बोटानं तीनदा वाजवलं.

आई घाबरून वळली. त्या खोलीचं दार घरमालकाशिवाय कुणी कधी वाजवलं नव्हतं.

"अवो, मी समजले कोन आलंय! दार का वाजवायलात?"

"पोरीनं सांगितलंय. तीन सायबांसमोर."

"पप्पा, ते कार्डावरचं होतं!" ही म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण ओरडलो. मामा उठून बसला.

वडील चप्पल काढत म्हणाले, "आसू दे कार्डावरचं. चांगलं हाय."

मग ती जाईपर्यंत ते रोज वाजवूनच आत आले.